दप्तराची किल्ली : लिनक्स संगणकावरील परवानगीच्या अडचणी व त्यांचे निवारण

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत सोनगीर लागते. गावालगतचा किल्ला दुरूनच नजरेत भरतो. पण खानदेशातील घराघरांत या गावाचे नाव पोहोचले आहे ते तेथील तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. जाणत्या तांबटापुढे गळकी घागर ठेवली, तर तो लगेच डाग देण्यास बसत नाही. आधी तीत पाणी भरतो, ती उचलून धरतो आणि थेंब नेमका कोठून पडतो हे पाहतो. भोक एकीकडे आणि डाग दुसरीकडे, असे झाल्यास धातूही वाया जातो आणि श्रमही.

संगणकाच्या बाबतीत मात्र हा साधा विवेक पुष्कळदा विसरला जातो. पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे ‘परवानगी नाकारली’ असे शब्द उमटले, की दोषाचा शोध न घेता सगळीकडे डाग देण्याची घाई होते. या घाईने त्या दिवसाचे काम निभावते; परंतु दप्तराची सुरक्षितता कायमची जाते. ही अडचण कशी ओळखावी आणि ती योग्य जागी कशी दूर करावी, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

एका शाळेतील प्रसंग

सोनगीरसारख्या मोठ्या गावातील एखादी माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर आणावी. शाळेच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. वर्गशिक्षिका आपल्या नावाने प्रवेश करून वार्षिक निकालाचा तक्ता तयार करतात. दुसऱ्या दिवशी शाळेचे लिपिक त्यांच्या स्वतःच्या नावाने प्रवेश करून तो तक्ता छापावयास जातात, तो परवानगी नाकारली जाते. मुख्याध्यापक उभे आहेत, पालक बाहेर खोळंबले आहेत. तेवढ्यात संगणकाची थोडीफार माहिती असलेला कोणी पुढे येतो, एक आज्ञा टंकतो आणि तक्ता उघडतो. सर्वांना हायसे वाटते.

त्या आज्ञेने काय केले, हे मात्र कोणी विचारीत नाही. तिने तो तक्ता आणि त्याच्याभोवतीचे सर्व फोल्डर त्या यंत्रावर प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास वाचण्यास, बदलण्यास आणि पुसून टाकण्यासही मोकळे केले. संगणकाच्या तासाला त्याच यंत्रावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांचाही यात समावेश झाला. उद्या एखाद्याच्या गुणांत फरक आढळला, तर तो कोणी केला, हे सांगता येणे कठीण होईल. संशय निष्कारण शिक्षिकेवर किंवा लिपिकावर येईल. परवानगीचा प्रश्न केवळ तांत्रिक नसून विश्वासाचा आहे, तो असा.

पद्धत नवी, तत्त्व जुने

गावाच्या कारभारास ही कल्पना अपरिचित नाही. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार फेरफाराची नोंद तलाठी घेतो. २०२४ पासून या पदास ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे. ती नोंद तपासून प्रमाणित करण्याचे काम मंडळ अधिकाऱ्याकडे असते. सातबाराचा उतारा मात्र मागेल त्यास मिळतो. म्हणजे लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा आणि वाचणारे सर्व. वाचण्याचा अधिकार आहे म्हणून खाडाखोड करण्याचा अधिकार मिळत नाही.

खुद्द धुळे शहरात याचे आणखी एक उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली धुळे येथे निधन झाले. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेले समर्थ वाग्देवता मंदिर यांनी जुनी कागदपत्रे व हस्तलिखिते जतन केली. अशा संग्रहातील पोथी अभ्यासकाने वाचावी, टिपून घ्यावी. पण तिच्या पानावर स्वतःची एक ओळही लिहू नये, हा दंडक सर्वांना मान्य असतो.

संगणकातही हेच तत्त्व आले. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. त्या काळी एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत. म्हणून कोणाची फाइल कोणी उघडावी, हे यंत्रालाच ठाऊक असणे भाग होते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, तेव्हा परवानगीची हीच रीत त्यात घेतली गेली. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती याच गाभ्यावर उभी आहे. इतकेच नव्हे, तर शेतकऱ्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. त्या फोनवरील प्रत्येक ॲपला एक स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक दिला जातो आणि एका ॲपने दुसऱ्याच्या खाजगी कागदांत डोकावू नये, याची व्यवस्था त्या क्रमांकावरून होते.

तीन प्रकारचे लोक, तीन प्रकारची कामे

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीस एक मालक असतो आणि एक गट असतो. उरलेले सारे ‘इतर’. या तिघांपैकी प्रत्येकास तीन कामांची परवानगी देता येते किंवा नाकारता येते : वाचणे, लिहिणे आणि चालविणे. पडद्यावर ती अनुक्रमे आर, डब्ल्यू व एक्स या तीन रोमन अक्षरांच्या खुणांनी दिसते. तीन प्रकारचे लोक व तीन कामे, मिळून नऊ खुणा होतात. खूण असेल तर परवानगी आहे. तिच्या जागी आडवी रेघ असेल तर नाही.

याच खुणा अंकांनीही लिहिण्याची रीत आहे. वाचण्यास ४, लिहिण्यास २ व चालविण्यास १ असे मोल धरून बेरीज करावयाची. ६४० याचा अर्थ मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांना काहीही नाही. ७५० म्हणजे मालकास सर्व, गटास वाचणे व चालविणे, इतरांना काहीही नाही. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व काही. मघाच्या प्रसंगात टंकलेली आज्ञा या शेवटच्या अंकाची होती.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. संगणक प्रथम विचारतो, आलेली व्यक्ती मालक आहे काय? असेल तर मालकाच्या तीन खुणा पाहून तो निर्णय देतो आणि तेथेच थांबतो. मालक नसेल तरच गटाचा विचार होतो आणि गटातही नसेल तरच इतरांचा. त्यामुळे गटास वाचण्याची परवानगी असून मालकास नसेल, तर प्रत्यक्ष मालकालाच नकार मिळतो. विचित्र वाटला, तरी हा नियम काटेकोर आहे.

फोल्डर म्हणजे दरवाजा

बहुतेक घोटाळे फोल्डरपाशी होतात, कारण तेथे त्याच खुणांचा अर्थ बदलतो. फोल्डर वाचणे म्हणजे आतील फाइलींची नावे पाहणे. फोल्डरमध्ये लिहिणे म्हणजे आत नवी फाइल ठेवणे, जुनीचे नाव बदलणे किंवा ती काढून टाकणे. फोल्डरवरील ‘चालविणे’ ही खूण म्हणजे त्यातून आत जाण्याची मुभा.

किल्ल्यातील कोठारापर्यंत पोहोचावयाचे, तर वाटेतील प्रत्येक दरवाजातून जावे लागते. कोठार सताड उघडे असले, तरी बाहेरचा एक दरवाजा बंद असल्यास मनुष्य बाहेरच राहतो. फाइलीचेही तसेच आहे. फाइलीवरील परवानगी ठीक असूनही नकार येत असेल, तर वरचे एखादे फोल्डर बंद आहे काय, हे पाहावे. यासाठी ‘नेमआय’ नावाची आज्ञा फार उपयोगी पडते. तिला ‘-एल’ ही खूण जोडून फाइलीचा पूर्ण पत्ता दिला, की ती वाटेतील एकेका फोल्डरचा मालक, गट व परवानगी ओळीने दाखविते.

दुसरी गोष्ट पुसण्याची. फाइल पुसण्याची परवानगी फाइलीवर नसते, ती तिच्या फोल्डरवर असते. म्हणून केवळ वाचण्यास दिलेला तक्तादेखील, त्याचे फोल्डर सर्वांना लिहिण्यास मोकळे असल्यास, कोणीही काढून टाकू शकतो. सर्वांनी वापरावयाच्या तात्पुरत्या फोल्डरसाठी यावर एक उपाय योजलेला आहे. त्यावर एक विशेष खूण असते. तीमुळे फाइल सर्वांना ठेवता येते, परंतु दुसऱ्याची फाइल सामान्य वापरकर्त्यास काढता येत नाही.

निदानाचा क्रम

अडचण आली असता पुढील क्रमाने तपास करावा.

पहिली पायरी : संदेश नीट वाचावा. ‘परमिशन डिनाइड’ हा नकार बहुधा वर सांगितलेल्या खुणांमुळे येतो. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा संदेश आल्यास ते काम मालकाने किंवा मुख्य प्रशासकानेच करावयाचे आहे, अथवा फाइलीवर ‘अचल’ अशी स्वतंत्र खूण लावलेली आहे, असे समजावे. ही खूण ‘एलएसअॅट्र’ या आज्ञेने दिसते. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असे शब्द असतील, तर प्रश्न परवानगीचा नाही. डिस्कमध्ये दोष आढळल्यास प्रणाली कित्येकदा तिच्यावर लिहिणे आपणहून बंद करते. अशा वेळी परवानग्या बदलीत बसण्याऐवजी ताबडतोब दप्तराची प्रत दुसरीकडे काढावी आणि डिस्क तपासून घ्यावी.

दुसरी पायरी : आलेली व्यक्ती कोण, हे ठरवावे. ‘आयडी’ ही आज्ञा आपले नाव, क्रमांक आणि गट सांगते. एखाद्याचे नाव गटात नुकतेच घातले असेल, तर त्याने एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करणे आवश्यक असते; तोपर्यंत जुनीच यादी लागू राहते. सर्व काही बरोबर करूनही नकार येतो, अशी तक्रार होते तेव्हा पुष्कळदा कारण एवढेच असते.

तिसरी पायरी : फाइलीचा मालक, गट व खुणा पाहाव्यात. ‘एलएस’ या आज्ञेस ‘-एल’ जोडले की हे सारे दिसते. कामकाजाच्या फाइलीच्या मालकाच्या जागी ‘रूट’ हे नाव आढळल्यास ती फाइल बहुधा कोणी तरी ‘सुडू’ वापरून, म्हणजे मुख्य प्रशासकाचा अधिकार घेऊन तयार केलेली असते. साध्या कामासाठी सुडू वापरण्याच्या सवयीतून या अडचणी वाढतात. तेथे ‘सीएचओन’ या आज्ञेने तेवढ्याच फाइलीची मालकी योग्य व्यक्तीकडे द्यावी. मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता क्रमांक दिसत असेल, तर ती फाइल दुसऱ्या संगणकावरून आलेली असण्याचा संभव मोठा. डिस्कवर मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. जुन्या संगणकाची डिस्क नव्याला जोडली असता एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या नावावर लागू शकतो. माहिती दुसऱ्या यंत्रावर हलविताना हे आवर्जून तपासावे.

चौथी पायरी : वाटेतील प्रत्येक फोल्डर पाहावे. याचे विवेचन वर आलेच आहे.

पाचवी पायरी : एवढे करूनही कारण सापडले नाही, तर इतर पहारेकऱ्यांकडे वळावे. खुणांच्या अखेरीस अधिकचे चिन्ह असेल, तर त्या फाइलीस व्यक्तिवार परवानग्यांची वेगळी यादी जोडलेली आहे. ती ‘गेटएफएसीएल’ या आज्ञेने वाचावी. काही संगणकांवर एसई-लिनक्स किंवा ॲप-आर्मर हा जादा पहाराही असतो. त्याच्या नकाराची नोंद प्रणालीच्या नोंदवहीत मिळते.

दोन प्रसंगांचा येथे वेगळा उल्लेख करणे उचित ठरेल. पहिला पेन ड्राइव्हचा. बहुसंख्य पेन ड्राइव्हवरील रचना मालक व गट यांची नोंदच ठेवीत नाही. तेथे परवानगी बदलण्याची आज्ञा कितीदाही दिली, तरी परिणाम होत नाही, कारण त्या परवानग्या पेन ड्राइव्ह जोडतानाच ठरतात. दुसरा प्रसंग विज्ञानशिक्षकांचा. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतून विद्यार्थी आर्डुइनोचे छोटे फलक वापरतात. लिनक्समध्ये जोडलेले उपकरणदेखील फाइलीच्या रूपात दिसते. त्यामुळे फलकावर आज्ञावली चढविताना परवानगी नाकारली गेल्यास, डेबियन व उबुंटू या आवृत्त्यांत त्या वापरकर्त्याचे नाव ‘डायलआउट’ या गटात घालणे हा खरा उपाय होय.

सातशे सत्त्याहत्तरचा मोह

‘सीएचमॉड’ या आज्ञेने ७७७ करणे इतके सोपे आहे की त्याचा मोह आवरत नाही. घराची किल्ली सापडत नाही म्हणून कोणी दारच काढून ठेवीत नाही. संगणकावर मात्र नेमके हेच केले जाते. त्यातही ही आज्ञा एखाद्या मोठ्या फोल्डरवर, आतील सर्व फाइलींसह लागू केली, तर नुकसान दुहेरी होते. आधीच्या परवानग्या काय होत्या याची नोंद यंत्र ठेवीत नाही. त्यामुळे मागे फिरण्याची वाट उरत नाही. शिवाय काही कामेच बंद पडतात. सुडूची नियमफाइल सर्वांना लिहिण्यास मोकळी आढळली, तर सुडू काम करण्यास नकार देतो. दूरच्या संगणकाशी जोडणारी एसएसएच ही सोय खाजगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असल्यास ती किल्ली स्वीकारीत नाही. दार उघडे टाकणाऱ्यावर यंत्रच विश्वास ठेवीत नाही, असा याचा अर्थ.

ग्रामपंचायतीच्या संदर्भात याचे गांभीर्य अधिक आहे. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. तीतील आकडा बदलला, तर एखाद्या घराची घरपट्टी बदलते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार नागरिकास माहिती मिळण्याचा हक्क आहे. ती बदलण्याचा नाही. वाचणे व लिहिणे यांत लिनक्स जो भेद करते, तो लोकशाहीतील कारभारानेही मानलेला आहे.

शाळेच्या अडचणीचा उलगडा

आता पुन्हा त्या निकालपत्रकाकडे वळू. वरील क्रमाने तपास केला असता असे आढळेल की, तक्त्याच्या फाइलीवरील परवानगी ६४४ आहे, म्हणजे वाचण्यास ती सर्वांना मोकळी आहे. अडले आहे ते बाहेरच्या दरवाजापाशी. फाइल शिक्षिकेच्या वैयक्तिक फोल्डरमध्ये आहे आणि लिनक्सच्या काही नव्या आवृत्त्यांत वैयक्तिक फोल्डर ७५० या अंकाने इतरांना बंद असते. हा बंदोबस्त योग्यच आहे. तेथे शिक्षिकेचे खाजगी कागदही असू शकतात. चूक परवानगीची नव्हे, जागेची आहे. शाळेचे दप्तर कोणाच्याही खाजगी कपाटात असू नये.

म्हणून मुख्य प्रशासकाने वैयक्तिक फोल्डरांच्या बाहेर निकालासाठी स्वतंत्र फोल्डर करावे. त्याची मालकी वर्गशिक्षिकेकडे द्यावी. ‘निकाल’ हे काम करणारा एक गट निर्माण करून त्यात लिपिक व मुख्याध्यापक यांची नावे घालावीत आणि फोल्डर त्या गटाच्या नावे करावे. त्यावर २७५० ही परवानगी ठेवावी. यातील ७५० चा अर्थ वर आलाच आहे. आरंभीच्या २ मुळे त्यात निर्माण होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. जुना तक्ता तेथे आणताना तो हलविण्याऐवजी त्याची नवी प्रत करावी, कारण हलविलेली फाइल आपला जुना गट घेऊनच येऊ शकते. त्यानंतर लिपिक व मुख्याध्यापक यांनी एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा.

याचा परिणाम असा की, शिक्षिका लिहितात, लिपिक वाचून छापतात, मुख्याध्यापक पडताळून स्वाक्षरी करतात आणि विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश नसतो. पुढील वर्षी लिपिकाची बदली झाली, तर गटातून एक नाव काढून दुसरे घालावे, एवढेच काम उरते. एकाही फाइलीस हात लावावा लागत नाही. परवानगी व्यक्तीस न देता पदास द्यावी, हे कार्यालयीन शिस्तीचे सूत्र येथे संगणकातही उतरते.

आणखी दोन पथ्ये पाळावीत. प्रत्येक कर्मचाऱ्याचे प्रवेशनाम स्वतंत्र असावे. सर्वांनी मिळून एकच नाव वापरल्यास मालक, गट व इतर हा सारा विचार निरर्थक ठरतो. तसेच कोणतीही परवानगी बदलण्यापूर्वी आधीची परवानगी, बदलाचे कारण व तारीख एका साध्या वहीत लिहून ठेवावी. ज्यांना अधिक शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांसह पाहिल्यास गावातच ही अडचण सोडविणारे हात तयार होतील.

मित्रहो, संगणक नकार देतो तेव्हा तो अडवणूक करीत नसतो. कोणी तरी ठरवून दिलेला नियम तो पाळीत असतो. तो नियम चुकीचा असेल तर बदलावा, पण कोणासाठी, कोणत्या फाइलीपुरता व कोणत्या कामापुरता, हे ठरवून बदलावा. घागरीचे भोक शोधून तेथेच डाग देणाऱ्या तांबटाची ही दृष्टी कार्यालयातील प्रत्येकाने अंगी बाणविली, तर लोकांचे दप्तर लोकांना वाचण्यास मोकळे राहील आणि खाडाखोडीपासून सुरक्षितही राहील.